गुहागर–विजापूर राज्य मार्ग ७८: कराड–चिपळूण टप्प्यातला कोयनाकाठचा मूळ रस्ता कोणता?

नकाशावेडा

स्थानिक इतिहासाच्या एका टिपणासाठी कराड–पाटण–कोयनानगर–चिपळूण या रस्त्याची माहिती जुळवतो आहे. जुन्या कागदांत हा 'गुहागर–विजापूर रस्ता, राज्य मार्ग ७८' म्हणून येतो. आता पाट्यांवर राष्ट्रीय महामार्ग १६६ई दिसतो. चार गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत.

पहिली, रस्ता कोयनेच्या काठाने नेमका कुठून कुठपर्यंत जातो? 'कराडपासून चिपळूणपर्यंत नदीकाठचा रस्ता' असं सर्रास लिहिलं जातं, पण नकाशात तसं दिसत नाही. दुसरी, कोयना धरणात जुना रस्ता बुडाला आणि आताचा नंतर बांधला, असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. हे खरं आहे का? तिसरी, गुहागर आणि विजापूर ही इतकी लांबची दोन टोकं एका राज्य मार्गात कशी आली? आणि चौथी, जुनी आखणी जागेवर ओळखायची कशी? पावसाळ्यात हा रस्ता कुठे आणि का बंद पडतो, हेही कुणी सांगितलं तर टिपणात घालता येईल.

---

घाटमाथा

धरणाच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यात बाकीचं बरंच उलगडतं.

कोयना महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावते आणि सह्याद्रीच्या मुख्य धारेला समांतर, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. हेळवाकपाशी ती जवळजवळ काटकोनात पूर्वेला वळते आणि पाटणवरून कराडला जाऊन कृष्णेला मिळते. धरण या वळणाच्या वरच्या अंगाला, देशमुखवाडीजवळ आहे. त्यामुळे शिवसागर जलाशय पसरला तो धरणाच्या उत्तरेला, बामणोली आणि तापोळ्याच्या दिशेने. कराडकडून येणारा रस्ता वळणाच्या पूर्वेकडच्या खोऱ्यातून येतो आणि वळणापासून सरळ पश्चिमेला कुंभार्ली घाटाकडे निघतो. म्हणजे तो सगळाच्या सगळा धरणाच्या खालच्या अंगाला आहे, जलाशयाच्या वाटेत येतच नाही.

बुडाली ती हेळवाकवरून उत्तरेला खोऱ्यात जाणारी वाट, तिच्यावरची गावं आणि नदीकाठची भातखाचरं. 'कोयनेचा जुना रस्ता पाण्याखाली गेला' या वाक्यात या दोन वाटांची गल्लत होते. विस्थापित गावांच्या आठवणीत 'आमचा रस्ता बुडाला' हे अगदी खरं आहे, फक्त तो रस्ता हा नव्हे. टिपणात दोन्ही वेगवेगळे लिहा. त्या गावांचा इतिहास या महामार्गाच्या इतिहासात विरून जाऊ नये असं मनापासून वाटतं.

आता काठाबद्दल. कराडला कोयना ओलांडून वारुंजीला आलं की रस्ता नदीच्या डाव्या, म्हणजे उत्तर तीराने चालतो. सुपने, विहे, मल्हारपेठ, नवारस्ता, पाटण, हेळवाक असा क्रम आहे. नवारस्त्याहून ढेबेवाडीला फाटा फुटतो आणि मल्हारपेठेहून उंब्रजकडे. पाटणला केरा नदी उत्तरेकडून येऊन कोयनेला मिळते. मोरणा आणि वांग या मोठ्या उपनद्या मात्र दक्षिणेकडून येतात. रस्ता उत्तर तीरावर असल्याचा हा मोठा फायदा आहे. दक्षिण तीराने आखणी केली असती तर या दोन्ही नद्यांवर मोठे पूल बांधावे लागले असते. उत्तर तीरावर पाटणचा केरा पूल सोडला तर बहुतेक ओढेच आहेत आणि त्यांना मोऱ्या पुरतात. पुढे नदी उत्तरेकडून येते आणि रस्त्याला जायचं असतं पश्चिमेला, म्हणून हेळवाक–कोयनानगर परिसरात कोयना ओलांडावीच लागते. तिथे कोयनाकाठ संपतो.

तर 'कोयनाकाठचा रस्ता' हा कराड ते कोयनानगर, साधारण ६० किमी. त्यानंतर कुंभार्ली घाट. घाट उतरून पोफळी, अलोरे, शिरगाव आणि खेर्डीमार्गे चिपळूण. हा खालचा भाग वाशिष्ठीच्या खोऱ्यातला, नदी वेगळी आणि समुद्रही वेगळा. घाटमाथ्याच्या एका अंगाला पडलेला पाऊस बंगालच्या उपसागराला जातो, दुसऱ्या अंगाचा अरबी समुद्राला. कराड ते चिपळूण एकूण अंतर साधारण १०० किमी.

---

बंदरवाट

घाटमाथा यांनी भूगोल सांगितला, त्याला इतिहासाची जोड देतो.

कराड हे फार जुनं गाव. 'करहाटक', 'करहाकट' अशा रूपांनी ते प्राचीन शिलालेखांत येतं आणि जवळच आगाशिवच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. खाली वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ बंदर. खाडीतून गलबतं आत चिपळूणजवळ गोवळकोटपर्यंत यायची आणि तिथून माल घाटावर चढायचा. या वाटेवर लक्ष ठेवणारे किल्ले आजही रांगेने उभे आहेत: तळबीडचा वसंतगड, पाटणजवळचा दातेगड, मोरगिरीचा गुणवंतगड, नवजाजवळचा जंगली जयगड, हेळवाकच्या बाजूचा भैरवगड आणि खाली खाडीवर गोवळकोट. नुसते किल्ले नकाशावर जोडले तरी व्यापारी वाटेची दिशा कळते.

इथूनच वाट का, याचं उत्तर उंचीत आहे. कराड शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६५ मीटरवर आणि धरणाच्या पायथ्याशी नदीचं पात्र साधारण ५८० मीटरवर. म्हणजे ६० किमीच्या वाटचालीत चढ जवळपास नाहीच, बैलगाडीला याहून सोयीची वाट सह्याद्रीत सापडणं कठीण. सगळा उतार मग एका घाटात, सुमारे ५०० मीटर. नद्या सहसा घाटमाथ्याशी काटकोन करून पूर्वेला निघतात आणि त्यांच्या उगमापर्यंत पोचताना शेवटी चढ लागतोच. कोयना मात्र घाटमाथ्याला लागून वाहत येते आणि मग वळते, त्यामुळे कड्याच्या अगदी जवळ सपाट खोरं मिळतं. वीज प्रकल्पाने नेमका हाच फायदा उचलला. पोफळीच्या वीजगृहाला सुमारे ४७५ मीटरची उंची मिळते ती याच कड्यामुळे, आणि १९६२ मध्ये तिथे वीजनिर्मिती सुरू झाली. धरण वर, वीजगृह खाली, आणि दोघांना जोडणारा रस्ता म्हणजे कुंभार्ली घाट.

प्रशासनाचा धागाही महत्त्वाचा. १८१८ नंतर रत्नागिरीकडचा भाग थेट इंग्रजांकडे गेला, पण घाटमाथ्यावर साताऱ्याचं संस्थान होतं. ते १८४८ मध्ये खालसा झालं. तोवर घाट ही दोन सत्तांमधली हद्द होती. त्यानंतर वरखाली एकच सरकार आलं आणि घाटातला गाडीरस्ता ही एकाच खात्याची जबाबदारी झाली. १८८० च्या दशकात पुण्याहून दक्षिणेकडे रेल्वे आली, कराडचं स्थानक नदीपलीकडे आताच्या ओगलेवाडीला झालं आणि घाटावरचा माल बंदराऐवजी रेल्वेकडे वळू लागला. चिपळूणची व्यापारी पेठ म्हणून असलेली पकड सैल झाली त्यात या रेल्वेचा वाटा मोठा आहे.

आणि विजापूर? १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत विजापूर जिल्हा मुंबई राज्यातच होता. गुहागरपासून विजापूरपर्यंतचा रस्ता तेव्हा एकाच राज्यातला, किनारा ते पठार असा आडवा रस्ता होता. पुनर्रचनेनंतर विजापूर म्हैसूर राज्यात गेलं, रस्त्याचं नाव मात्र टिकलं. आज विजापूरचं अधिकृत नाव विजयपुरा आहे, तरी इकडे सगळे 'गुहागर–विजापूर'च म्हणतात. टिपणात हे एक वाक्य जरूर घाला, नाहीतर वाचकाला टोकांची संगती लागत नाही.

---

साखळी_क्रमांक

क्रमांकांचा गोंधळ सोडवू.

राज्य मार्ग ७८ ची साखळी, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासून किलोमीटरमध्ये मोजलेलं अंतर, पश्चिमेकडून, गुहागरपासून मोजायची. गुहागर ०, शृंगारतळी, मार्गताम्हाने आणि रामपूरवरून चिपळूण साधारण ४४, कराड साधारण १४५. पुढे कडेगाव, विटा, खानापूर, नागज, जत आणि मग राज्याची हद्द. चिपळूण ते गुहागर हा तुकडा वाशिष्ठीच्या काठाने जात नाही, नदी उत्तरेला दाभोळकडे जाते आणि रस्ता डोंगरावरून नैर्ऋत्येला. हे आकडे अंदाजे धरा. वळणं सरळ केली, बाह्यवळण काढलं की साखळी बदलते, आणि जुन्या कागदातला किमी ८५ आजच्या किमी ८५ वर मिळत नाही. जुन्या नोंदीतली जागा शोधताना साखळीवर विसंबू नका. त्या नोंदीत जवळचा ओढा, फाटा किंवा गाव दिलेलं असतं, ते धरून जागा पक्की करा.

राष्ट्रीय महामार्ग १६६ई हा क्रमांक नव्या पद्धतीचा आहे. तीन अंकी क्रमांकातले शेवटचे दोन अंक मूळ महामार्ग सांगतात. इथे ६६, म्हणजे पनवेलवरून किनाऱ्याने खाली जाणारा, पूर्वीचा १७. इंग्रजी अक्षर म्हणजे त्या क्रमांकाच्या कुटुंबातला आणखी एक रस्ता. नुसता १६६ हा रत्नागिरी–कोल्हापूर–मिरज–सोलापूर, आंबा घाटातून जाणारा. शोधताना 'ई' राहिला की कागद आंबा घाटाचे येतात आणि ते कुंभार्लीचे समजून वापरले जातात. ही चूक छापील मजकुरातही दिसते.

जागेवर पटकन ओळखायचं तर किलोमीटर दगडाचा माथा बघा: राज्य मार्गाचा हिरवा, राष्ट्रीय महामार्गाचा पिवळा. मुख्य रस्त्यापासून थोड्या अंतरावर, गावात शिरणाऱ्या एखाद्या तुकड्यावर हिरव्या माथ्याचा दगड उरला असेल तर ती जुन्या आखणीची खूण समजा. एक सावधगिरी मात्र हवी. रुंदीकरणात उपटलेले दगड लोक बांधाला किंवा दारात नेऊन लावतात. दगड पायापासून घट्ट रोवलेला आहे आणि त्याचं तोंड रस्त्याकडे आहे, एवढं तपासा.

दगडापेक्षा भरवशाचा पुरावा मोरीचा. नवी मोरी म्हणजे सिमेंटचे पाइप किंवा काँक्रीटची पेटी. जुनी मोरी घडीव दगडाची, चुन्यात बांधलेली, कमानीची किंवा दगडी फरशांची. ओढ्यावर नव्या मोरीच्या वर किंवा खाली दहा-वीस मीटरवर अशी जुनी मोरी दिसली तर तिच्यावरून रस्ता नक्की जात होता, कारण मोरी कुणी उचलून नेत नाही. गाळा, म्हणजे पाणी जायची मोकळी जागा, किती रुंद, कठड्यांमधली रुंदी किती, कमानीच्या मधल्या दगडावर साल कोरलंय का, हे मोजून लिहा आणि फोटो काढा. चौपदरीकरणात या मोऱ्या एका दिवसात जातात आणि त्यांची नोंद कुठेच राहत नाही.

---

नकाशावेडा

फार उपयोगी. धरणाचा मुद्दा पूर्ण उलटा लिहिला जाणार होता, तो आधीच सुधारता आला. आता नकाशे कोणते पाहायचे? आणि पावसाळ्याचं?

---

साखळी_क्रमांक

नकाशे: भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे, २ सेंमीला १ किमी. चार पानांत हा टप्पा जवळपास पूर्ण बसतो. चिपळूण आणि खेर्डी ४७ जी/१० वर, पोफळी, कुंभार्ली घाट आणि हेळवाक ४७ जी/११ वर, पाटणचं खोरं ४७ जी/१५ वर, कराड ४७ के/३ वर. कोयनानगर जी/११ आणि जी/१५ च्या शिवेवर येतं, म्हणून दोन्ही पानं शेजारी ठेवूनच वाचा. नव्या ओपन सीरीजमध्ये पानांचे क्रमांक वेगळे आहेत, जुन्या क्रमांकाने शोधलं तर सापडणार नाहीत. धरणापूर्वीची, इंचाला मैल प्रमाणाची पानं मिळाली तर तीच खरी. त्यांत जलाशयाच्या जागी गावं आणि वाटा दिसतात, आणि हेळवाकवरून उत्तरेला जाणारी वाट कोणती ते डोळ्यांनी पाहता येतं.

तुलना करताना दोन्ही नकाशांवर समान असलेल्या न बदलणाऱ्या खुणा घ्या, जसं नदी-ओढ्याचा संगम, किल्ल्याचं टोक, त्रिकोणमितीचं ठाणं. कमीत कमी चार, चार कोपऱ्यांत. गावाचं नाव खूण म्हणून घेऊ नका, नकाशात नाव रिकाम्या जागी छापलेलं असतं.

कागदपत्रं हवी असतील तर माहिती अधिकारात दोन वेगळे अर्ज करा. घाटमाथ्यापर्यंत सातारा जिल्हा, खाली रत्नागिरी, आणि बांधकाम खात्याची कार्यालयंही वेगळी. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, प्रतीला पानामागे २ रुपये. 'रस्त्याची सगळी माहिती द्या' असं लिहिलं की अर्ज परत येतो. रस्ते नोंदवहीतला राज्य मार्ग ७८ चा उतारा, पूल आणि मोऱ्यांची नोंदवही, आणि राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे रस्ता सोपवल्याचा हस्तांतरण कागद, अशी नावं घेऊन मागा. पुलांच्या नोंदवहीत बांधकामाचं साल, गाळ्यांची संख्या आणि प्रकार असतो. इतिहासासाठी सगळ्यात मोलाचा कागद तोच.

---

पूररेषा

पावसाळ्याबद्दल. या रस्त्याला तीन ठिकाणी तीन निरनिराळे आजार आहेत आणि 'पावसाने रस्ता बंद' म्हटलं की ते एकत्र मिसळतात.

कराड बाजूला त्रास फुगवट्याचा. प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना जवळजवळ समोरासमोर भिडतात आणि काटकोनात पूर्वेला वळतात. कृष्णेला मोठा पूर असला की कोयनेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबतं. त्यामुळे कोयनेच्या खोऱ्यात पाऊस उघडलेला असतानाही कराडजवळच्या सखल शेतात पाणी चढू शकतं. काठची जमीन गाळाची आणि काळी, भिजली की फुगते आणि सुकली की आकसते. तिच्यावर डांबर टिकत नाही, कडेने लांब उभ्या भेगा पडतात.

पाटण ते हेळवाक भागात प्रश्न धरणाच्या विसर्गाचा. बातमीत 'पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक' असं असेल तर काळजीचं कारण नाही, ते पाणी पात्रातच राहतं. सहा वक्र दरवाजे उघडले आणि आकडा दहा हजारांच्या पटीत गेला की नदीपलीकडच्या गावांचे कमी उंचीचे पूल आधी जातात: पाटणजवळचा मूळगाव पूल, संगमनगर धक्क्याचा जुना पूल. मुख्य रस्ता चालू असतो आणि पलीकडची गावं तुटतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये विसर्ग एक लाख क्युसेकच्या वर गेला होता.

नदीकाठचा भराव मात्र पुरात कमी आणि पूर ओसरताना जास्त ढासळतो. पूर असताना बाहेरचं पाणी भरावाला आधार देतं आणि आतली माती पूर्ण भिजते. दरवाजे बंद झाले की नदी काही तासांत उतरते, आतलं पाणी तितक्या लवकर बाहेर पडत नाही. आधार गेला, आतला दाब राहिला, आणि कडेची साइडपट्टी खाली सरकते. म्हणून पाणी उतरल्यावर पहिले दोन-तीन दिवस जड वाहनांनी नदीकडच्या कडेला थांबू नये. कठड्याला समांतर, धनुष्यासारखी वाकलेली भेग दिसली तर ती घसरणीची सुरुवात समजावी. अशी भेग डांबराने बुजवणं हा उपाय नव्हे. पाण्याला वाट द्यावी लागते. दगडी संरक्षक भिंतीला साधारण मीटरभर अंतरावर निचऱ्याची भोकं हवीत आणि भिंतीमागे माती नको, दगड आणि जाड खडी हवी. भोकं आहेत पण पावसातही कोरडी, याचा अर्थ ती आतून बुजली आहेत.

घाटाचं गणित आणखी वेगळं. ५०० मीटर उतरायला १ ला २० चा उतार धरला तर १० किमी लांबी लागतेच, म्हणून नागमोडी वळणं. डोंगरी रस्त्याच्या मानकांप्रमाणे तीव्र वळणावर आतल्या बाजूची त्रिज्या किमान १४ मीटर आणि उतार १ ला ४० पेक्षा जास्त नको. जुन्या आखणीतल्या वळणावर हे दोन्ही साधत नाही, तेव्हा लांब कंटेनर अडकतो आणि दोन्ही बाजू ठप्प होतात. दरड कोसळण्याचं मूळ बहुतेक वेळा रस्त्याच्या वर असतं. वरच्या उतारावरचं पाणी अडवून बाजूला काढणारा चर बुजला की ते सगळं पाणी कापलेल्या कड्याच्या तोंडावरून उतरतं. खालच्या गटारात दगडमाती साचली की तेच पाणी डांबरावरून वाहतं आणि दरीकडची कड कापतं. मे महिन्यात गटार आणि चर साफ झाले का, एवढ्यावरून जुलैत घाट कसा राहील ते बऱ्यापैकी सांगता येतं. कोयना–नवजा पट्ट्यात वर्षाला ५००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, तिथे साफसफाई पुढे ढकलून चालत नाही. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे इथे दरडी कोसळून माणसं गेली. त्याच दिवसांत, २२ जुलैला, खाली चिपळूण बुडालं होतं.

चिपळूणकडून निघताना एक गोष्ट पाहावी: वाशिष्ठीत भरतीचं पाणी शहरापर्यंत चढतं. अतिवृष्टीचा इशारा आणि मोठी भरती एकाच वेळी असेल तर बहादूरशेख नाका ते खेर्डी हा भाग घाटाच्या आधी बंद होऊ शकतो. भरतीची वेळ पाहूनच निघा.

---

घाटमाथा

पर्यायी रस्त्याबद्दल एवढंच. उत्तरेला आंबेनळी, दक्षिणेला आंबा घाट, आणि या दोघांच्या मध्ये जड वाहनांना घाट चढून सलग देशावर नेणारा रस्ता कुंभार्लीच. रघुवीर घाट नकाशात मध्ये दिसतो, पण तो खेडहून कांदाटी खोऱ्यातल्या गावांपर्यंत जातो आणि पुढे जलाशय आडवा येतो. कुंभार्ली बंद असेल तर नकाशातली जवळची रेघ पाहून तिकडे वळू नका. कराडहून दक्षिणेला जाऊन आंबा घाटाने खाली उतरून पुन्हा उत्तरेला चिपळूण गाठावं लागतं, आणि हा वळसा मोठा आहे.

सायकलवाल्यांसाठी: कराडकडून निघालात तर कोयनानगरपर्यंत रस्ता जवळपास सपाट आणि मग सलग उतार. उतारावर ब्रेक सारखा दाबून धरू नका, रिम तापते. थोडा दाबा, सोडा, परत दाबा. उलट दिशेने आलात तर पोफळीनंतर सरासरी ५ टक्क्यांचा न संपणारा चढ आहे. पाणी पोफळीतच भरून घ्या.